तान्ह्या मुलांचा इसब : खाज कशी शमवावी

सरद भाताची मळणी आटोपून नाताळचे दिवस जवळ आले की पहाटे कोरडा वारा सुटतो. मोठ्यांचे ओठ फुटतात, टाचा उलतात. त्याच सुमारास गावातल्या काही घरांत रात्री तान्ही मुले झोपेनाशी होतात. गाल लाल, कपाळावर खवले, कोपराच्या खोबणीत व गुडघ्यामागच्या घडीत ओलसर चट्टे, आणि हात मोकळा मिळाला की ओरबाडणे. हाच मुलांचा इसब. काही मुलांना तो थंडीच्या कोरड्या दिवसांत उठतो, काहींना एप्रिल-मेच्या घामात. कित्येकांना बारा महिने त्रास असतो व ऋतूप्रमाणे तो कमी-जास्त होतो.

इसबाने सहसा जिवाला धोका नसतो, म्हणून घरची वडीलधारी माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात. पण रात्री चार वेळा उठून खाजवणारे मूल दिवसा चिडचिडे होते, त्याचे दूध व जेवण कमी होते, आणि त्याची आई महिनोन् महिने सलग झोपत नाही. त्यावर सासूबाई व शेजारीण तिलाच विचारतात, ‘तू काय खाल्लेस?’ आईवरचा हा दोष बहुतेक वेळा खोटा असतो. आधी रोग काय आहे ते पाहू, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

आपली कातडी ही एका भिंतीसारखी आहे. तिच्यातल्या पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधला ओशटपणा म्हणजे चुना. इसब होणाऱ्या मुलाच्या भिंतीतला चुना जन्मतःच कमी असतो. आतले पाणी बाहेर उडून जाते, कातडी कोरडी पडते, आणि बाहेरचे साबण, धूळ, घाम व जंतू फटींतून आत शिरतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, त्या झुंजीतून लाली व खाज येते. मूल खाजवते, भिंत आणखी फुटते, खाज आणखी वाढते. 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की अशा पुष्कळ मुलांमध्ये फिलाग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातच दोष असतो. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट व ओला राखते. म्हणजे हा दोष आई-वडिलांच्या रक्तातून येतो. पुष्कळदा घरात कोणाला दमा, कोणाला सकाळच्या शिंका, कोणाला लहानपणी इसब असा इतिहास सापडतो. आईने बाळंतपणात बांगडा खाल्ला म्हणून भिंतीतला चुना कमी होत नाही.

इसब संसर्गजन्य नाही, हेही येथेच सांगतो. अशा मुलाला जवळ घ्यावे, भावंडांबरोबर झोपवावे, बालवाडीत पाठवावे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात कातडीवरचे डाग तपासण्याचे काम याजकाकडे सोपवलेले आहे. त्यामुळे की काय, अजूनही काही आई-बाप मूल दवाखान्यात नेण्याआधी चर्चमध्ये आणतात आणि हळू आवाजात विचारतात, ‘फादर, हा महारोग तर नव्हे ना?’ महारोगाचा डाग बहुधा फिकट किंवा तांबूस असतो, तिथली संवेदना कमी झालेली असते आणि तो खाजत नाही. इसबाला तर खाजेशिवाय अस्तित्वच नाही. ज्या डागाला खाज नाही त्याला इसब म्हणू नये, आणि बधिर डाग दिसला तर आरोग्य केंद्रात दाखवावा. महारोगाचे औषध तेथे फुकट मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

खरूज मात्र वेगळी, आणि तिची इसबाशी फार गल्लत होते. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी खाज सुटली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बाळाच्या तळहाता-तळपायांवर बारीक फोड आले, तर ती खरूज समजावी. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते व सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यावे लागते. गजकर्ण कडेने वाढत जाते आणि मध्ये निवळते. घामोळे मानेवर, पाठीवर, घडीत येते व गारव्यात दोन-तीन दिवसांत बसते. खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण एकाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरते.

आता उपचाराकडे येऊ. पहिला आणि सर्वांत मोठा उपचार म्हणजे कातडीला ओशट ठेवणे. लाली असो वा नसो, खाज असो वा नसो, रोज निदान दोनदा सर्व अंगाला लावले पाहिजे. आपल्याकडे चूक इथेच होते. चट्टा दिसला की लावतात, चट्टा गेला की डबी फळीवर जाते. पाऊस नाही म्हणून घराचे छप्पर कोणी उतरवून ठेवत नाही.

काय लावावे? महागड्या बाटल्यांची गरज नाही. साधी पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली उत्तम. कोरड्या कातडीवर ती जाड थर देते. दुसरे आपल्या अंगणातले, खोबरेल तेल. फिलिपीन्स देशात 1 ते 13 वर्षांच्या 117 मुलांवर 8 आठवडे केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात कच्च्या खोबऱ्याचे शुद्ध तेल लावलेल्या मुलांचा सौम्य व मध्यम इसब खनिज तेल लावलेल्यांपेक्षा अधिक उतरला. मात्र तेल ताजे, खवट वास न येणारे व निर्भेळ असावे. बाजारातले सुवासिक तेल नको. कापूर घातलेले तेल तर मुळीच नको. कापूर कातडीतून व वासातून तान्ह्या मुलाच्या शरीरात जातो आणि त्याने आचके येऊ शकतात. खोबरेल लावून अंग अधिक लाल झाले तर ते बंद करून जेलीवर यावे, कारण एकाला मानवते ते सगळ्यांनाच मानवते असे नाही.

मोहरीचे तेल व ऑलिव्हचे तेल या मुलांना लावू नये. ऑलिव्ह तेलाला आपल्या धर्मात मान आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. 2013 साली इंग्लंडमधील अभ्यासात असे दिसून आले की ऑलिव्ह तेल कातडीचा तो चुना बळकट करण्याऐवजी विसकटते. बाप्तिस्म्याच्या वेळी लावला जाणारा क्रिझ्मा हा ऑलिव्ह तेल व सुवासिक बाल्सम यांचा असतो. तो थेंबभरच लागतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण बाळाला इसब असेल तर आधी पाद्रींना सांगावे. अंग फुटलेली जागा टाळून लावता येतो, आणि विधी झाल्यावर कापसाने हळूच टिपून घेता येतो. मात्र त्याच समजुतीने घरी आणलेले ऑलिव्ह तेल रोज अंगाला चोळू नये.

किती लावावे याचाही अंदाज हवा. मोठ्या प्रमाणावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलो व त्याहूनही अधिक मलम लागते. तान्ह्याला त्याहून कमी पुरते, पण बोटाच्या टोकावर घेऊन पुसल्यासारखे केले तर उपयोग नाही. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. रगडले तर केसांची मुळे बंद होऊन फोड येतात. डबीत रोज बोटे घालू नयेत, स्वच्छ चमच्याने बशीत काढून घ्यावे. नाहीतर हाताचे जंतू डबीत वाढतात.

एक धोका मात्र लक्षात असू द्यावा. तेला-जेलीने माखलेले कपडे व चादरी आग लागताच भडकतात, आणि धुतल्यावरही त्यांतला ओशटपणा पूर्ण जात नाही. बाळाला मलम लावून चुलीपाशी बसू नये. खुरसापाशी लदीन असते तेव्हा पेटत्या मेणबत्त्यांच्या रांगेजवळ असे मूल कडेवर घेऊन उभे राहू नये, दोन पावले मागे राहावे.

आता आंघोळ. सुईणीच्या हातची आंघोळ आपल्याकडे मोठा सोहळा असतो : कढत पाणी, तेल, डाळीच्या पिठाचे उटणे, शिकेकाई, आणि वर धुरी. निरोगी बाळ ते सोसते. इसबाच्या बाळाला त्यातली प्रत्येक गोष्ट जाचते. कढत पाणी उरलासुरला चुना धुऊन नेते. पीठ कातडी खरवडते. शिवाय फुटलेल्या कातडीवर खाण्याचा पदार्थ चोळला तर शरीर त्याला शत्रू मानू शकते, आणि पुढे तोच पदार्थ पोटात गेल्यावर ॲलर्जी होण्याचा संभव वाढतो. धुरीने डोळे, नाक व कातडी तिन्हींना त्रास होतो. म्हणून इसब आहे तोवर पीठ, शिकेकाई व धुरी बंद ठेवावीत. सुईणबाईंना वाईट वाटेल, पण त्यांना प्रेमाने समजावावे. त्यांच्या हाताचे कसब खोबरेल हळुवार जिरवण्यात कामी येते.

पाणी कोमट असावे, कोपर बुडवून पाहिले तर ना गरम ना गार लागेल असे. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकावी. साबण फक्त मळलेल्या जागी, सौम्य व बिनवासाचा. निरोगी कातडी किंचित आंबट गुणाची असते, तर साधा कपड्याचा किंवा अंगाचा साबण क्षारधर्मी असतो. त्यामुळे तो कातडीशी जुळत नाही. पाण्यात जंतुनाशक औषधाचे झाकण ओतण्याची सवय सोडावी, त्याने फुटलेली कातडी पोळते. आंघोळीनंतर जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपावे, पुसू नये. अंग किंचित ओले असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मलम लावावे, म्हणजे ते ओलाव्यावर झाकण घालते. अशी आंघोळ रोज घातली तरी हरकत नाही. ‘इसबाला पाणी लावायचे नाही’ हा समज निराधार आहे. पाण्याने मळ, घाम व खपल्यांतले जंतू निघून जातात. अट एकच, पाण्यानंतर मलम.

कडुनिंबाच्या पाल्याविषयी सगळे विचारतात. झाड गुणी आहे, पण पाला उकळून केलेला कडक काढा कोरड्या कातडीला आणखी कोरडा करतो, आणि त्याने इसब बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. कडुनिंबाचे तेल तर बाळाच्या तोंडात कधीही घालू नये. त्याने मुलांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झालेले नोंदले आहेत. बोरिक पावडर घामोळ्यावर म्हणून सर्रास वापरली जात असे, ती फुटलेल्या कातडीतून रक्तात जाते व तान्ह्याला विष ठरते. हळद, चुना, राख, गोमूत्र, तंबाखूचे पाणी, नायट्याचे झोंबणारे मलम यांपैकी काहीही इसबावर लावू नये. आणि बिब्बा! बिब्ब्याच्या चटक्याने खाज जाते असे म्हणणारी माणसे अजून आहेत. बिब्बा कातडी जाळतो, आणि जळलेल्या कातडीला खाज येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

बिब्ब्यावरून काजूची गोष्ट निघते, आणि ती आपल्या पेडणे तालुक्यात विशेष महत्त्वाची आहे. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडे. काजूच्या टरफलात जे काळे, दाट तेल असते त्यात कातडी भाजणारी द्रव्ये आहेत. मार्चपासून ओले काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटे सोलवटतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण त्याच बोटांनी घरी येऊन बाळाला उचलले, त्याच लुगड्याच्या पदराने त्याचे तोंड पुसले, तर बाळाच्या गालावर चट्टा उठतो. त्याला मग ‘दात येताहेत’ किंवा ‘नजर लागली’ असे नाव मिळते. काजूच्या दिवसांत बागेतून आले की आधी हात खोबरेलाने पुसून मग साबणाने धुवावे, कारण तो डीक नुसत्या पाण्याने सुटत नाही. नंतर कपडे बदलावे आणि मगच मुलाला घ्यावे. बिया भाजतात त्या जागेपासून मूल दूर असावे, तो धूरही झोंबतो. आंब्याच्या देठाजवळचा चीकही त्याच जातीचा. आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून, साल काढून फोडी द्याव्यात. सालीसकट चोखणाऱ्या मुलाच्या ओठाभोवती जे पुरळ येते ते बहुधा सालीच्या चिकामुळे येते, आंब्याच्या गरामुळे नव्हे.

शेतकऱ्याच्या घरात आणखीही काही गोष्टी आहेत. मळणीच्या वेळी उडणारी तूस व धूळ अशा मुलाला खाज आणते. पाळणा खळ्याच्या वाऱ्याखाली नको. औषध फवारून आलेल्या बापाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलाला हात लावू नये. कुंपणावरच्या खाजकुयलीच्या शेंगा पाडून जाळण्यापेक्षा, हातमोजे घालून फुलण्याआधीच वेल उपटावी. 1950 च्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदले गेलेले व नंतर देशभर पसरलेले गाजरगवत अंगणात दिसले तर तेही फुलण्याआधी उपटावे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ओलसर कुबट दुपटी बाळाला गुंडाळू नयेत. ती चुलीच्या वर वाळवण्यापेक्षा उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा बाहेर घालावी.

कपडे सुती, सैल व मऊ असावेत. लोकर टोचते. येथे एक गोष्ट भक्तिभावाला न दुखवता सांगतो. कार्मेल मातेचे स्कापुलार लोकरीचे असते. ते तान्ह्याच्या गळ्यात घातले की मानेच्या घडीत घाम व लोकर यांनी चट्टा फुलतो, आणि दोरी गळ्याला आवळण्याचा धोका वेगळाच. मदलीच्या धातूत निकेल असले तर तोही काही मुलांना बाधतो. स्कापुलार आणि मदल पाळण्यापासून दूर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी भिंतीवर लावावीत. मातेचे संरक्षण दोन हात अंतराने कमी होत नाही. काळा दोरा व तायत यांविषयी मी काय म्हणणार ते वाचकांना ठाऊकच आहे.

आता खाण्याविषयी, कारण घराघरांत सर्वांत मोठा अन्याय इथे होतो. बाळाला इसब झाला की अंगावर पाजणाऱ्या आईचे मासे बंद होतात, मग अंडी, मग सुंगटे, मग वाटाणे, चणे, वांगी. शेवटी ती पेज व लोणच्यावर येते. बाळंतिणीला या दिवसांत नेहमीपेक्षा अधिक पोषण हवे असते, आणि तिला उपाशी ठेवून बाळाची कातडी सुधारत नाही. पुढे मूल सहा महिन्यांचे होते तेव्हा त्यालाही हेच पथ्य लागते. मग वजन वाढत नाही, रक्त कमी पडते, आणि इसब तिथल्या तिथेच असतो.

खरी अन्नाची ॲलर्जी ओळखता येते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ वा डोळे सुजतात, उलटी होते, श्वास घरघरतो. असे झाले तर तो एकच पदार्थ बंद करून डॉक्टरांकडे जावे, आणि श्वास अडत असेल तर क्षणाचाही विलंब लावू नये. दिवसभराने खाज थोडी वाढली म्हणून मासळीला दोष देऊ नये. खाज तर अशीही वाढते आणि कमी होते. तीव्र इसब असलेल्या मुलात अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते हे खरे, पण ते तपासून ठरवायचे, अंदाजाने नव्हे.

उलट, पदार्थ लांबवण्यात धोका आहे असे आता दिसते. 2015 साली लंडनमध्ये पूर्ण झालेल्या एका अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळे घेतली होती. त्यांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचा पदार्थ देण्यास सुरुवात केली, बाकीच्यांना पाच वर्षांपर्यंत दिला नाही. लवकर दिलेल्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी फारच थोड्यांना झाली. म्हणून सहा महिने पूर्ण होताच नाचणीची तिझन, मऊ भात, डाळ, शिजवलेले अंडे, काटे नीट काढलेली मासळी हे एकेक करून थोडे थोडे सुरू करावे. शेंगदाणा द्यायचा तर बारीक वाटून पातळ करूनच, अख्खा दाणा घशात अडकतो. इसब फार तीव्र असेल तर पहिला घास डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावा. आईचे दूध चालू राहावे. आणि आईने बांगडा खावा.

ओशट मलम लावूनही लाल, सुजलेले, खाजणारे चट्टे राहतात तेव्हा दुसरे औषध लागते. ते म्हणजे स्टिरॉइडचे मलम. या शब्दाने लोक दोन उलट प्रकारे फसतात. काही जण नाव ऐकून घाबरतात, डॉक्टरांनी दिलेली ट्यूब उघडतच नाहीत, आणि मूल महिनोन् महिने तडफडते. दुसरे, आणि हे आपल्याकडे जास्त, म्हापशाच्या बाजारातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणतात आणि वर्षभर लावतात.

1952 साली अमेरिकेत सल्झबर्गर व विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम इसबावर प्रथम यशस्वी करून दाखवले. त्यानंतर शेकडो प्रकारची मलमे आली, काही अगदी सौम्य, काही त्यांच्या कित्येक पट तीव्र. बाळाच्या चेहऱ्यावर व लंगोटाच्या जागी सौम्यच लागते, आणि तेही थोडे दिवस. बाजारातल्या ट्यूबमध्ये मात्र पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध व जंतूंचे औषध अशी मिसळ असते. पहिले चार दिवस जादू होते. मग कातडी कागदासारखी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, बुरशी दबून पसरते, आणि तान्ह्या मुलात हे औषध रक्तात शिरून त्याची वाढही खुंटवू शकते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षे ओरड केली. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या 14 प्रकारच्या मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. कायदा झाला, तरी ट्यूब काउंटरवर मिळते हे आपण सगळे जाणतो. घेणाऱ्याने न मागणे हाच त्यावर उपाय.

डॉक्टरांनी दिलेले मलम मात्र निर्धास्त लावावे, आणि पुरेसे लावावे. त्याचे माप सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक पट्टी काढली की ती सुमारे अर्धा ग्रॅम होते, आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बोटे हाताची, मोजमाप बाळाच्या चट्ट्याचे. तीन ते सहा महिन्यांच्या मुलाच्या एका हाताला, पंजासकट, अशी एक पट्टी पुरते. दिवसातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तसे, लाली व खरखरीतपणा जाईपर्यंत लावावे. लाली उतरताच दुसऱ्या दिवशी बंद केले तर तिसऱ्या दिवशी ती परत येते, कारण आतली सूज राहिलेली असते. वारंवार उठणाऱ्या जागी चट्टा गेल्यावरही आठवड्यातून दोन दिवस लावायला काही डॉक्टर सांगतात, त्यात त्यांचा हेतू असतो. ओशट मलम व हे मलम एकाच क्षणी एकावर एक लावू नये, मध्ये अर्धा तास सोडावा. रोगाने हैराण झालेल्या मुलाला डॉक्टर रात्री मलमावर कोमट पाण्यात पिळलेले सुती कापड व वर कोरडे कापड बांधायला सांगतात. त्याने गारवा येतो व नखे पोहोचत नाहीत. लस वाहत असेल तेव्हा मात्र ते करू नये, आणि ते करण्याआधी दवाखान्यात एकदा शिकून घ्यावे.

गोळ्या-पुड्यांविषयी एवढेच : कोणी बिननावाची पुडी ‘खाज मुळापासून जाईल’ म्हणून दिली तर घेऊ नये. त्यांत पोटात घेण्याचे स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. झोपेसाठी सर्दीचे गुंगी आणणारे औषधही बाळाला देऊ नये.

रात्रीची खाज कमी करायला साधे उपाय आहेत. नखे दर तीन दिवसांनी कापावीत, टोके घासून गुळगुळीत करावीत. जुन्या सुती पायमोज्याचे हातमोजे करून घालावेत, पण दोरा सुटा नसावा, तो बोटाला आवळतो. झोपण्याआधी सर्वांगाला मलम लावावे. खाजवायला लागले की हात ओढून ‘खाजवू नको’ म्हणून ओरडू नये, ती खाज मोठ्यालाही आवरत नाही. थंड ओले कापड ठेवावे, पाळणा वाऱ्याच्या बाजूला न्यावा, अंगावरचे एक पांघरूण कमी करावे. आपल्याकडे तान्ह्याला मे महिन्यातही टोपी व दुपट्यात गुंडाळतात, ते थांबवावे. आणि आईला रात्रीची एक पाळी बापाने किंवा आजीने सोडवावी. हे औषधाइतकेच लागू पडते.

काही दाम्पत्ये विचारतात, दुसऱ्या मुलाला जन्मापासूनच तेल लावले तर इसब टळेल का? 2020 साली इंग्लंडमध्ये तेराशेहून अधिक बाळांवर केलेल्या अभ्यासात पहिले वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळला नाही. मलम इसबाला आवर घालते, त्याला येण्यापासून अडवत नाही. तरी पुष्कळ मुलांचा इसब शाळेच्या वयापर्यंत निवळतो. काहींना तो सुटतो व दमा किंवा शिंका मागे राहतात, म्हणून छाती घरघरली तर दाखवावे.

दवाखान्यात केव्हा जायचे? चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, लस वाहू लागली, जागा गरम व दुखरी झाली किंवा गाठी आल्या तर जंतू शिरले समजावे व त्याच दिवशी तुयेच्या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. चट्ट्यावर अचानक सारख्या आकाराचे, घोळक्याने फोड आले, ते फुटून छिद्र पाडल्यासारख्या जखमा झाल्या आणि मुलाला ताप व ग्लानी आली, तर ते फार गंभीर आहे. हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा हल्ला असतो. ओठावर ‘तापाचा फोड’ आलेल्या माणसाने मुका घेतल्याने तो बाळाला लागतो. असे दिसताच रात्र असली तरी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. डोळ्याजवळ फोड असतील तर सकाळची वाट पाहू नये. म्हणून बाप्तिस्म्याच्या जेवणात पाळण्याभोवती रांग लावून मुके घेण्याची जी चाल आहे, ती ओठावर फोड असलेल्यांनी तरी मोडावी.

बांबोळीला त्वचारोग विभाग आहे. तिथे जाताना घरात वापरलेल्या सगळ्या ट्यूब, तेले, पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्याही. डॉक्टर रागावतील या भीतीने खाजेची ट्यूब घरी लपवून ठेवू नये. ती पाहिल्याशिवाय त्यांना पुढचे औषध ठरवता येत नाही. लस टोचण्याच्या तारखा इसबामुळे चुकवू नयेत, फक्त सुई लाल चट्ट्यावर टोचू नका असे परिचारिकेला सांगावे.